सांता क्लारातला सत्कार

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला बार्शीत तीन प्रश्न विचारतात. धबधबा पाहिला का, ती उंच इमारत पाहिली का, आणि तिकडे संडासात खरंच कागद वापरतात का. पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' आहे. तिसऱ्याचं उत्तर ज्याला हवं असेल त्यानं एकट्यात येऊन विचारावं. मी पावणेतीन महिने कॅलिफोर्नियात होतो आणि त्या काळात मी मुख्यतः दारं पाहिली. सांता क्लारा आणि शेजारचं सॅन होजे या दोन गावांतली, बहुतेक बंद असलेली दारं. धबधब्याचं वर्णन हवं असणाऱ्यांनी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जावं, ते स्लाइड्ससुद्धा दाखवतात.

आधी माझी ओळख. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस वर्षं कामगार युनियनचा सरचिटणीस म्हणून. या काळात मला दोन कला अवगत झाल्या. एक म्हणजे भाषण करणं आणि दुसरी म्हणजे तेच भाषण लांबवणं. घेराव घातलेला मुख्याधिकारी माझं भाषण थांबावं म्हणून मागण्या मान्य करत असे, असं आमचे विरोधक म्हणायचे. मी ते कौतुक समजत आलो.

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये मुलीनं, नीलिमानं, तिकीट पाठवलं. जावई शिरीष तिथे कॉम्प्युटरच्या चिप्सचे आराखडे काढतो. निघताना युनियनच्या पोरांनी स्टँडवर 'अप्पा आगे बढो'च्या घोषणा दिल्या. कुठे बढायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, मला तर मुळीच नाही.

बसथांबा

सांता क्लारात सकाळी आठनंतर माणूस दिसत नाही. सगळे गाडीत बसून जातात आणि संध्याकाळी गाडीत बसून परत येतात. रस्ते इतके स्वच्छ की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. मी टोपी, पायजमा आणि नेहरू शर्ट घालून फिरायला निघालो की पडदे हलायचे. चौथ्या दिवशी एका पोलिसानं गाडी थांबवून, "सर, तुमची गाडी बिघडली आहे का?" असं फार सभ्यपणे विचारलं. मला गाडीच नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी दया आली ती मी विसरणार नाही.

त्या साली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. मला वाटलं, आता तरी आवाज होईल. रिक्षा नाही, भोंगा नाही, भिंतीवर चुन्याचं एक अक्षर नाही. हिरवळीवर वीतभर पाटी खोचलेली, तिच्यावर उमेदवाराचं नाव, संपला प्रचार. एका घरासमोर एका पक्षाची आणि शेजारच्या घरासमोर दुसऱ्या पक्षाची पाटी पाहिली, आणि ते दोन्ही घरमालक मधल्या कुंपणावर हात टेकून पाण्याच्या नळीबद्दल बोलत होते. आमच्याकडे असं घडलं असतं तर दोघांच्याही पक्षांनी खुलासा मागवला असता.

त्या सगळ्या गावात फुकट बसण्यासारखी एकच जागा होती, ती म्हणजे बसथांब्याचं बाकडं. तिथे मी रोज दुपारी जाऊन बसू लागलो, आणि तिथेच एका दुपारी निळा कोट घातलेली, चाळिशीची एक बाई माझ्या टोपीकडे पाहून म्हणाली, "मराठी ना तुम्ही?"

त्या कुसुम गावडे. मूळच्या कोल्हापूरच्या. नवरा अनंत तिथल्या एका फाउंड्रीत टर्नर होता, त्याच्या बहिणीनं बोलावून घेतलं म्हणून आठ वर्षांपूर्वी दोघं इकडे आले. आता अनंतरावांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती आणि ते घरी बसून होते. ऑपरेशन सप्टेंबरात ठरलं होतं. कुसुमताई एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत सर्किटचे बोर्ड जोडायच्या. दिवसाचे आठ तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बारीक तारा डकवायच्या. ऑपरेशन होणार होतं ते त्यांच्या नोकरीबरोबर मिळालेल्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की ऑपरेशन गेलं, इतकं ते सरळ होतं.

मी युनियनवाला आहे हे कळल्यावर त्यांनी पर्समधून एक घडी घातलेलं कार्ड काढलं. "एक मेक्सिकन बाई गेटबाहेर वाटत होती. यात काय लिहिलंय ते नीट सांगा. सही केली तर काय होतं?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू! तीन आठवड्यांत मला कुणी सल्ला विचारलाच नव्हता. मी कार्ड वाचलं. पुरेशा कामगारांनी सह्या केल्या की सरकारचा माणूस कारखान्यात येऊन गुप्त मतदान घेतो, निम्म्याहून अधिक मतं पडली तरच युनियन. आमच्याकडे सात माणसं जमली की युनियन आणि आठवं आलं की फूट. इथे तर युनियन आणायलाच निवडणूक लढवावी लागत होती. मी त्यांना हे सांगितलं, मग संघटनेचं महत्त्व सांगितलं, मग जगाच्या कामगार चळवळीचा इतिहास सुरू केला. दोन बस निघून गेल्या. तिसरी येताना दिसली तशी कुसुमताईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं, सही केली आणि बसमध्ये चढल्या. माझ्या भाषणामुळे सही झाली असं मी बरेच दिवस समजत होतो. ती बस चुकू नये म्हणून झाली होती असं आता वाटतं.

दारोदार

ती मेक्सिकन बाई म्हणजे डोलोरेस. तिचे आईवडील फळबागांत मजूर होते, ती युनियनची पूर्णवेळ कार्यकर्ती. कुसुमताईंनी माझी गाठ घालून दिली. मी बावीस वर्षांचा अनुभव सांगितल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला चालता येतं का?" चालता येतं म्हटल्यावर तिनं माझ्या हातात कागद लावलेली फळी दिली.

घरी नीलिमा घाबरली. "अप्पा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात! आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे!"

शिरीष म्हणाला, "लेट हिम गो यार. रोज वॉक होईल. त्यांची शुगर कंट्रोलमध्ये राहील."

जगातल्या कामगारांची एकजूट माझ्या साखरेसाठी उपयोगी पडणार होती.

तिथली पद्धत अशी की कारखान्यात युनियनचं नाव काढायचं नाही. कामगाराच्या घरी जायचं, दोघांनीच, बेल वाजवायची आणि ऐकायचं. डोलोरेस म्हणाली, "बोलायचं कमी. त्यांनाच बोलू द्यायचं." मी मान डोलावली. पहिल्याच दारात एक फिलिपिनो आजी आल्या. मी सुरुवात केली. डोलोरेसनं माझ्या पायावर पाय दिला तेव्हा मी औद्योगिक क्रांतीपर्यंत पोहोचलो होतो. आजी आत गेल्या आणि प्लेटमध्ये तांदळाच्या गोड वड्या घेऊन आल्या. मी कुठल्या तरी देवळासाठी वर्गणी मागायला आलोय असा त्यांचा समज झाला होता. वड्या छान होत्या, केळीच्या पानात वाफवलेल्या, आपल्या पातोळ्यांच्या जवळच्या. सही मात्र मिळाली नाही.

दुसऱ्या दारात कुत्रं होतं. तिसऱ्या दारातल्या व्हिएतनामी गृहस्थांनी जाळीआडून सांगितलं की त्यांचा धर्म आहे तोच बरा आहे.

एकदा चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. तीस-चाळीस बाया, कॉफी आणि साखरेनं माखलेले गोल वडे. मला राहवेना. मी उठलो, मूठ वर केली आणि गरजलो, "वर्कर्स युनिटी!" आमच्याकडे पुढचं 'झिंदाबाद' आपोआप येतं, ते म्हणणारा वेगळा नेमावा लागत नाही. इथे शांतता पसरली. मूठ वर आहे, खाली कशी आणायची ते कळेना. शेवटी मागून एक म्हातारी काळी बाई दया येऊन "आमेन" म्हणाली. मी खाली बसलो.

डोलोरेसनं पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. सही कुणी केली हे कुणालाही सांगायचं नाही, कंपनीला नावं कळली की एकेकाला वेगळं काढतात. मी तेव्हाही मान डोलावली होती. कंपनीला सांगायचं नाही हे मला पक्कं समजलं होतं. आपल्या माणसांनाही सांगायचं नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

मंडळाचं स्नेहभोजन

जुलैच्या एका रविवारी तिथल्या मराठी मंडळानं एका शाळेच्या जेवणघरात स्नेहभोजन ठेवलं होतं. दीडदोनशे माणसं. पुणे, मुंबई, नागपूर, सगळीकडची मराठी, आणि मुलांची इंग्रजी. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणलेला. तयार आंबट क्रीमचं श्रीखंड, डब्यातल्या मक्याचा उपमा, आणि एका नागपूरच्या बाईंचं वडाभात, ज्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. पहिल्या घासाला तिखटानं आणि दुसऱ्या घासाला आनंदानं.

पाहुण्यांमधला सगळ्यांत वयस्कर म्हणून माझा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, "अप्पा, दोन शब्द बोला."

नीलिमानं माझ्याकडे विनवणीच्या नजरेनं पाहिलं. पण दीड महिना माझ्या हातात माइक आला नव्हता.

मी चाळीस मिनिटं बोललो. ते फार रंगलं. लोक हसत होते, अर्थात आता वाटतं की काही जण जेवायच्या घाईनं हसत असावेत. शेवटाकडे येताना मागच्या टेबलाशी कुसुमताई दिसल्या, अनंतरावांच्या ताटात वरण वाढत होत्या. आणि मला उमाळा आला. खरंच आला, त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हणालो, "माझा कसला सत्कार करता? सत्कार करायचा तर या माउलीचा करा! परक्या मुलखात, इतक्या मोठ्या कंपनीत, हिनं युनियनच्या कार्डावर सही केली. कुणाच्या बापाला न भिता! कुसुमताई, या, पुढे या."

त्या येईनात. मला वाटलं, संकोच. आमच्याकडे सत्काराला बोलावलेला माणूस तीनदा नाही म्हणतोच, चौथ्यांदा त्याला हाताला धरून आणायचं असतं. दोन बायकांनी त्यांना हाताला धरून आणलं. मी माझ्या खांद्यावरची शाल काढून नीलिमाच्या हातात दिली आणि तिच्या हातून कुसुमताईंना पांघरवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी फ्लॅश मारून फोटो काढला. कुसुमताई समोर बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

मी खाली उतरलो तेव्हा एक सडपातळ, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले गृहस्थ ताट हातात धरून माझ्याजवळ आले. आवाज हळू होता. "अप्पा, मी साठ्ये. गावडेबाई जिथे काम करतात तिथला प्रॉडक्शन मॅनेजर. हे तुम्ही माझ्यासमोर बोलायला नको होतं. आता मला माहीत आहे. आणि एकदा माहीत झाल्यावर, माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही."

ते ताट तसंच ठेवून निघून गेले. मी हातातल्या नारळाकडे पाहत राहिलो.

 घरी जाताना गाडीत शिरीष म्हणाला, "अप्पा, इकडे ना, टाळ्या वाजवण्याआधी रूममध्ये कोण आहे ते बघावं लागतं." त्याचा सूर रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

कुसुमताईंचं घर

मंगळवारी मी त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर अंबाबाईचा फोटो, खिडकीत कुंडीतली कोथिंबीर. अनंतराव आरामखुर्चीत बसले होते. दोन पावलं चालले की त्यांना धाप लागायची. त्यांनीच मला बसा म्हटलं.

सोमवारी सकाळीच कुसुमताईंना ऑफिसात बोलावलं होतं. कॉफी दिली. 'तुम्ही इथे सुखी आहात ना?' असं विचारलं. दुपारी त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतून काढून प्लेटिंगच्या खोलीत घातलं, जिथे बोर्ड आम्लाच्या हौदात बुडवतात आणि जिथे कुणी आपणहून जात नाही. हे कंपनीला साठ्यांनी सांगितलं का टाळ्या वाजवणाऱ्या दीडदोनशे जणांपैकी आणखी कुणी, ते मला आजही माहीत नाही.

"तुम्हाला मी काय केलं होतं अप्पा?" त्या उभ्याच होत्या. "मला शाल पाहिजे होती का? माझ्या माणसाचं ऑपरेशन पाहिजे होतं मला. तुम्ही ऑगस्टअखेर विमानात बसाल. तुमचं काय जातंय? कंपनीला आता काही ना काही कारण मिळालं की बस्स. एक दिवस लेट झाले, एक रजा जास्त झाली, की मला घरी पाठवतील."

मी माफी मागितली. बावीस वर्षांत मी शेकडो माफीनामे लिहून घेतले होते, द्यायची ही पहिली वेळ. ते मला चांगलं जमलं नाही. मी 'परंतु' म्हणून सुरुवात केली, आणि अनंतरावांनी हात वर करून मला थांबवलं. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तिथून मी डोलोरेसकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. सत्कार म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. आपण ज्या माणसाचा मान करतो त्याला लोकरीचं कापड गुंडाळतो आणि हातात नारळ देतो, हे तिला दोनदा सांगावं लागलं.  मग ती म्हणाली, "कंपनीला कळलंच आहे ना? मग आता नीट, कागदावर कळू दे."

तिची युक्ती अशी होती. युनियनसाठी झटणाऱ्यांची नावं उघडपणे पत्रात लिहून कंपनीला पाठवायची. मग त्यांच्यापैकी कुणाला काढलं, तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं कंपनीला सरकारपुढे म्हणता येत नाही. लपलेला माणूस गुपचूप काढता येतो, उघड्यावर असलेल्याला हात लावणं अवघड जातं. पण त्यासाठी कुसुमताईंनी स्वतःचं नाव द्यायला हवं होतं, आणि नाव देणं म्हणजे मागे फिरायची वाट बंद करणं.

कुसुमताईंनी दोन दिवस मागितले. ते दोन दिवस मी घरात इतका गप्प होतो की नीलिमानं माझा ताप पाहिला.

गुरुवारी दुपारी त्या बसथांब्यावर आल्या. "पत्रात पहिलं नाव माझं घाला म्हणावं तिला. नाहीतरी प्लेटिंगमध्ये टाकलंच आहे, याहून खाली कुठे टाकणार? आमचे हे म्हणाले, भीत भीत जगून माझी झडप काय नीट होणार आहे? पण माझी एक अट आहे."

"सांगा."

"तुम्ही आता बोलायचं नाही. कुणाशीच नाही. दारात नाही, सभेत नाही, मंडळात नाही."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. अट त्याच क्षणी लागू झाली होती.

पिठलं

पत्र गेलं. सहा नावं, पहिलं कुसुम गावडे. मतदान ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी ठरलं. आता संध्याकाळी कुसुमताई डोलोरेसबरोबर घराघरांत जायच्या आणि त्या वेळी अनंतरावांजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. तर अमेरिकेच्या कामगार चळवळीत मला मिळालेलं पद हे असं. पाचला जायचं, पिठलं-भात करायचा, बिनमिठाचा, त्यांना वाढायचं आणि सातआठ खेळायचं. अनंतराव पत्त्यांत लबाडी करायचे. ते हृदयाचे पेशंट म्हणून मी मुद्दाम हरतो, असं मी नीलिमाला सांगत असे. खरं म्हणजे त्यांना खेळता येत होतं.

माझ्या पिठल्यात सुरुवातीला गुठळ्या व्हायच्या. "बेसन आधी कालवून घ्या हो, सरचिटणीस," अनंतराव खुर्चीतून म्हणायचे. मिठाशिवाय पिठलं म्हणजे शिक्षाच, तरी मी त्यांच्याबरोबर तेच खाल्लं.

एका रविवारी अनंतरावांची बहीण आली होती, तेव्हा मला फळी धरायला नेलं. कुसुमताईंनी बेल वाजवली. दार लाननं उघडलं. ही त्यांच्याच कारखान्यातली व्हिएतनामी बाई, पूर्वी शेजारच्या खुर्चीवर बसणारी. पहिल्याच वाक्यात तिनं सांगितलं की ती विरोधात मत देणार. युद्धात तिचं सगळं गेलं होतं, घर, भाऊ, सगळं. आता जे मिळालंय ते हलू नये, एवढंच तिला हवं होतं. माझ्याजवळ तिच्यासाठी किमान सहा मुद्दे तयार होते. कुसुमताईंनी एकही मांडला नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या डोळ्यांचं कसं आहे?" आणि मग त्या दोघी अर्धा तास डोळ्यांबद्दल, डोकेदुखीबद्दल आणि मुलीच्या शाळेबद्दल बोलल्या. निघताना लान म्हणाली, "माझं मत तरी तेच." कुसुमताई म्हणाल्या, "बरं."

बाहेर आल्यावर मी भुवया उंचावल्या. तेवढी परवानगी होती. त्या म्हणाल्या, "ती भितेय. मी पण भितेच की. तिला काय सांगू?"

कँटीनमधलं मतदान

मतदानाच्या दिवशी सरकारचा एक घामाघूम माणूस काखेत पुठ्ठ्याची घडीची पेटी घेऊन आला. कँटीनमध्ये आडोसा उभा केला, आणि बायका रांगेनं जाऊन फुली मारून आल्या. ना बंदोबस्त, ना गुलाल. मी आणि अनंतराव बाहेर डोलोरेसच्या व्हॅनमध्ये बसलो होतो. तो ऐकेना, यायचंच म्हणाला, म्हणून मी त्याला उशी घेऊन बसवलं होतं. आम्ही एव्हाना अरेतुरेवर आलो होतो.

चारच्या सुमारास दार उघडलं. आधी कंपनीचे टायवाले बाहेर आले, एकमेकांशी हात मिळवत, त्यावरूनच मला कळलं. त्यांच्यात साठ्ये होते. त्यांनी कुणाशी हात मिळवला नाही, खाली बघत गाडीकडे गेले. 

थोड्या मतांनी हरलो होतो. डोलोरेस पायरीवर बसली. दोनतीन बायका रडत होत्या. मी अट मोडून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात कुसुमताई मला ओलांडून पुढे गेल्या. लान एकटीच, मान खाली घालून, भराभर बसथांब्याकडे चालली होती. कुसुमताईंनी तिला हाक मारली, थांबवलं, तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं, आणि दोघी परत व्हॅनकडे आल्या. "हिला वाटेत सोडू या. बसला तासभर आहे अजून."

माझा संताप झाला. आमच्या संपात जे फुटले त्यांच्याकडे आम्ही पाणी प्यायलो नाही. त्यांच्या घरच्या लग्नाला जाऊ नये असा ठरावच केला होता, आणि तो माझ्या अक्षरात आहे. मी न राहवून म्हणालो, "कुसुमताई, हिनंच तर..."

"हो. माहीत आहे." त्यांनी लानसाठी दार सरकवलं. "उद्या सकाळी साडेसहाला मला हिच्याच बरोबर आत जायचंय अप्पा. तुमचं विमान कधी आहे?"

"शुक्रवारी."

"हं," त्या म्हणाल्या, आणि अनंतची उशी नीट केली.

 त्या 'हं'मध्ये राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

बार्शी

परत आल्यावर स्टँडवर पुन्हा घोषणा झाल्या. अमेरिकेतल्या लढ्याबद्दल बोला म्हणून युनियनच्या ऑफिसात रोज आग्रह होई. मी दातदुखीचं कारण सांगून टाळत होतो.

ऑक्टोबरात नीलिमाचं पत्र आलं. ते मी ऑफिसातच उघडलं आणि सगळ्यांनी मोठ्यानं वाचा म्हणून धोशा लावला. बरं तर बरं, म्हणून उभा राहिलो. नीलिमानं लिहिलं होतं की अनंतकाकांचं ऑपरेशन झालं, ते आता दारापर्यंत चालतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे लिहिलं होतं की ऑपरेशन ऐन वेळी दोन दिवस पुढे ढकललं गेलं. कुसुममावशींनी मागून घेतलेली रजा वाया गेली आणि नव्या तारखेला त्यांना रजा मिळेना. न सांगता राहिल्या असत्या तर कंपनी तेवढ्याचीच वाट पाहत होती. शिफ्टची अदलाबदल करायला मात्र नियमानं परवानगी होती, फक्त प्लेटिंगच्या खोलीत स्वतःहून जाणारं कुणीतरी हवं होतं. लान गेली. तिनं आपली सकाळची शिफ्ट करून वर दुपारच्या पाळीत कुसुममावशींचं काम केलं, तीन दिवस, त्या आम्लाच्या वाफेत, तिचे ते डोळे घेऊन.

इथपर्यंत मी वाचलं. पुढे 'प्रकृतीला जपा' वगैरे दोनच ओळी होत्या. समोर माझी तीस माणसं बसली होती, आणि मला वाचता येईना. मी चष्मा काढला, पुसला, लावला, पाणी प्यायलो.  कुणी हसलं नाही. शेवटी पाणीपुरवठ्याच्या शिंद्यानं उठून पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उरलेल्या दोन ओळी त्यानं वाचल्या.